नळीतला अर्धा पाळणा

बापू कंपाउंडरांना खोकल्याची फार धास्ती. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. आता कंपाउंडर माणूस, कर्जतच्या बाजारात डॉक्टरांच्या दवाखान्यात दिवसभर समोर खोकणारीच माणसं बसलेली. तिथे त्यांना काही वाटायचं नाही. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची, "हलवून घ्या हो" म्हणायचं, की झालं. पण तोच माणूस देवळात भजनाला येऊन बसला आणि बुवांनी सूर लावल्यावर त्याच्या घशात जरा खरखरलं, की बापू असे कळवळून बघायचे की त्या बिचाऱ्याला खोकला गिळावा लागायचा.

पुढे पुढे ते खिशात ज्येष्ठमधाचे तुकडे ठेवायला लागले. देवळाच्या दारात उभं राहायचं आणि येईल त्याच्या हातावर एक तुकडा टेकवायचा. लोकांना वाटायचं, काहीतरी नवा प्रसाद निघालाय. कपाळाला लावून तोंडात टाकायचे. माझ्या सासूबाई तर दोन मागून घ्यायच्या.

मी लग्न होऊन दहिवलीला आले ते लढाईचे दिवस. रॉकेलला रांग, साखरेला रांग, आणि शेजारी हा माणूस. त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. बाई वारलेली, मूलबाळ नाही. उंच, वाळलेले, चैत्र-वैशाखातसुद्धा काळा कोट. सकाळी पूल ओलांडून कर्जतला जायला निघायचे, आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचे. कुलूप ओढून बघायचे. पुन्हा निघायचे, पुन्हा यायचे. मग मला हाक मारायचे, "वहिनी, लागलंय ना हो? राहील ना?"

हे "राहील ना" म्हणजे त्यांचं पालुपद. दूध राहील ना? डोंगरावर ढग आलाय, ऊन राहील ना? एकदा माझं पोर तापाने फणफणलं होतं, तर औषधाची बाटली हातात देताना म्हणतात, "राहील ना हो?" मी असली तापले! म्हटलं, "बापू, जीभ आवरा." ते म्हणाले, "अहो, ताप नाही, औषध पोटात राहील ना म्हणतोय." असा माणूस. त्याच्यावर रागवावं तरी पंचाईत.

या माणसाला वेड होतं गाण्याचं, आणि तेही एकाच गळ्याचं. खालापूरच्या पलीकडे एका गावात धोंडूबुवा म्हणून भजनी बुवा होते. भातशेती करायची आणि बोलावतील तिथे भजन करायचं. खांद्यावर पंचा, कानात भिकबाळी, आणि गळा असा की पहिला सूर लागला की चुलीपुढच्या बायकासुद्धा हातातलं टाकून दाराशी यायच्या. मी काही गाण्यातली जाणकार नव्हे. पण मीही आले आहे तशी, पोळी तव्यावर करपवून.

बुवांचं एक होतं. काल गायलं तसं आज गायचे नाहीत. अभंग तोच, पण वाट दुसरी. म्हणून बापू त्यांच्यामागे गावोगाव हिंडायचे. आणि परत आले की हैराण. "वहिनी, काय गायलाय हो आज! आणि गेलं. हवेत गेलं. आता ते कुठे सापडायचं?" पानावर जेवण निवत असायचं आणि हे आपले गेलेल्या गाण्याला रडत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "अरे बापू, गाणं गेलं तर जाऊ दे, आमटी चाललीय ती बघ."

मग एका वर्षी बापूंच्या घरी ती पेटी आली. माथेरानला एका म्हाताऱ्या पारशीणबाईंना इंजेक्शन द्यायला बापू जायचे. त्यांनी तिथला बंगला बंद केला तेव्हा अडगळीतलं एक यंत्र बापूंना देऊन टाकलं. चावीचं. तबकडीचं नव्हे, त्याच्याही आधीचं. त्यात मेणाची नळी बसवायची, वरवंट्याच्या तुकड्याएवढी. नळी फिरत असताना भोंग्यात गायलं की सुई त्या मेणावर बारीक चरा पाडत जायची आणि मेणाचा भुगा खाली सांडत जायचा. मग सुई बदलून त्याच चऱ्यावरून फिरवली की गाणं परत यायचं. बापूंनी मला हे इतक्या वेळा समजावून सांगितलंय की मी डोळे मिटूनही ते यंत्र लावीन.

पण नळ्या कुठल्या मिळायला! ज्या पेटीबरोबर आल्या त्यातल्या काहींना चिरा गेल्या, काही पहिल्या पावसात बुरशीने खाल्ल्या. चांगली उरली एकच. तीही अडीच-तीन मिनिटांत भरायची. वर तिचं दुखणं असं की ऐकाल तेवढी झिजायची. सुई ज्या चऱ्यातून गाणं काढी तोच चरा खरवडत जाई. बापूंच्या काळजीला आयतं घरच मिळालं म्हणा ना.

बापू बुवांकडे हात जोडून गेले. एकदाच या भोंग्यापुढे गा म्हणाले. बुवा अंगणात भाताची झोडणी करत होते. त्यांनी हातही थांबवला नाही. "बापू, सकाळचा भात रातच्याला देवाला निवद म्हनून दावतोस का?"

"नाही."

"का रं नाय?"

"शिळा असतो."

"मग माझं गानं कशाला शिळं करून ठेवतोस? जा, घरी जा."

बापू घरी आले ते तोंड उतरवून. मला वाटलं, मिटलं. कुठलं मिटतंय!

त्या वर्षी रामनवमीला आमच्या आळीतल्या देवळात बुवांचं भजन ठरलं, आणि बापू म्हणाले, देवामागची आरास मी करतो. आम्ही सगळ्या चाट. कारण हा माणूस देवळात यायचा तो गाण्याला, देवाला कधी नीट हात जोडले असतील तर शपथ. पण आठ दिवस खपून त्यांनी कागदी फुलांची झकास आरास उभी केली. मध्ये एक मोठं कमळ, ताटाएवढं. रामनवमीला दारात ज्येष्ठमध वाटलं, आणि दवाखान्यातून बोलावणं आलंय म्हणून निघून गेले.

गेले कुठले! देवामागच्या अंधारात, त्या आराशीच्या आत पोटावर पडून राहिले होते. भजनी बुवा बसतो देवाकडे तोंड करून, हे बापूंना पक्कं ठाऊक. भोंग्याचं तोंड त्या कमळात बसवलेलं. मेण गार पडलं तर सुई कापत नाही, ऊन लागलं तर पघळतं, म्हणून नळी सकाळपासून कोटाच्या आत छातीशी धरून ठेवलेली. समोर बुवा देवासाठी गातायत, आणि देवाच्या पाठीमागे हे महाराज.

माध्यान्ह व्हायला आली तसा बुवांनी पाळणा उचलला. आम्ही बायका पाळण्याची दोरी धरून बसलो होतो. बुवा ठेवणीतलं गायले. मला आठवतं, माझ्या अंगावर काटा आला आणि मी ते लपवायला पदर ओढून घेतला. जन्म झाला, घंटा झाल्या, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला. मग बापू आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी बघितलं, त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर आणि छातीवर तपकिरी रंगाचा केसासारखा बारीक भुगा.

"हे काय सांडलंय हो? गूळ किसलात का?"

बापू पांढरे पडले. सासूबाई सुंठवडा चाटत होत्या, त्याही थांबल्या. मग बापूंनी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना डोळ्यात आनंद मावत नव्हता. शेजारून पेटी आणून लावली. आधी नुसती खरखर, आणि त्यातून बुवा! आमच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी! सासूबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

गाणं ऐन रंगात आलं आणि खर्र करून संपलं. देव जन्मायच्या आधीच नळी भरली होती. हातून निसटेल या भीतीने बापूंनी सुई फार लवकर टेकवली होती. ते म्हणाले, "असू दे. एवढं तर एवढं." पण तोंड कडू झालेलं मला दिसलं.

त्या नळीचं काय काय केलं नाही त्यांनी! दवाखान्यातल्या कापसात गुंडाळायची, मग डब्यात, मग डबा आमच्या तांदळाच्या कणगीत. का, तर तांदळात ओल शिरत नाही. आषाढात रोज संध्याकाळी येऊन कणगीत कोपरापर्यंत हात घालून डबा चाचपायचे. सासूबाई म्हणायच्या, "काय रे, रोज तांदूळ मोजायला येतोस?" बुरशीचा एक पांढरा ठिपका दिसला तर हा माणूस दोन दिवस जेवायचा नाही. मऊ कुंचल्याने पुसत बसायचा.

ऐकायचं वर्षातून एकदा, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. बुवांचे दोनचार भक्त यायचे, एकजण खोपोलीहून यायचा. भोंग्याला कान लावून बसायचे आणि बाहेर पडायचे ते कुठली तरी ठेव हाती लागल्यासारखे. त्यातल्या एकाच्या घरी तबकड्यांची चवड होती, मोठमोठ्या गवयांच्या. मी एकदा विचारलं, घरी एवढं स्वच्छ गाणं असताना ही खरखर ऐकायला कशाला येता? उत्तर बापूंनी दिलं. "वहिनी, तबकडीतला गवई न्हाऊमाखू घालून, तीट लावून बसवलेला असतो. त्यात गाणं असतं. यात आपण असतो."

खरंच होतं. त्या नळीत कर्जतच्या यार्डातली शिटी होती, घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात तेव्हाची. "अगं, पोराला धर" असं कुणीतरी म्हणालं होतं. आणि बुवा एका ठिकाणी दम घ्यायला थांबतात तिथे अगदी स्पष्ट चुटुक, चुटुक. सासूबाई ज्येष्ठमध चोखत होत्या! खोकला बंद करायला बापूंनी जे वाटलं तेच नळीत जाऊन बसलं. ते आलं की बापू कपाळावर हात मारायचे आणि सासूबाई लाजायच्या. पुढे त्या गेल्या. मला त्यांनी जन्मभर टोचलं, पण त्या वर्षी चुटुक ऐकून मी मोरीत जाऊन रडून आले. तेव्हापासून मीसुद्धा भोंग्याला कान लावायला लागले.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी बुवांचा गळा गेला. आधी बसला, मग सूज, मग डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, आणि ते परत आले ते नुसतं कुजबुजत. पहिल्यांदा घसा बघताना दिवा बापूंनीच धरला होता. त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्या संध्याकाळी ते येऊन कणगीतला डबा काढून मांडीवर घेऊन बसले. "वहिनी, आता एवढंच आहे हो जगात. राहील ना?"

आणि त्याच सुमारास कुणीतरी बुवांच्या कानावर घातलं.

बुवा गवताच्या गाडीवर बसून आले. आमच्या पडवीत टेकले. पाणी दिलं तर घोटभरही उतरेना. बापूंना दवाखान्यातून बोलावून आणलं. ते दारातच थांबले. बुवांनी बोटाने जवळ बोलावलं.

"लाव."

बापूंनी कणगीतून डबा काढला. पेटी लावली. बुवांनी भोंग्याला कान दिला. मला वाटलं, आता हा म्हातारा पेटी उचलून अंगणात भिरकावतो. पण त्यांचं बोट समेला उठलं, तोंडावर हसू आलं. चुटुक आलं तेव्हा तर ते खुदकन हसले. मग खर्र झालं.

"फुडं?"

"पुढे नाही, बुवा. नळी संपली."

"म्हंजे? द्येव जलमलाच नाय?"

बुवांचं हसू कुठल्या कुठे गेलं. "आरं बापू, चोरलंस त्ये चोरलंस. पन कवसल्येला इतकी वरसं कळा देत ठेवलीस? अर्धा पाळना ठेवतात का रं घरात? म्हनूनच बसला आसंल माझा गळा."

"बुवा, असं नका हो म्हणू."

"फुडचं घे. मी गातो."

"दुसरी नळी नाही हो."

बुवांनी पेटी निरखली. तिच्यात एक पातं असायचं, जुनं गाणं खरवडून नळी पुन्हा गुळगुळीत करायचं. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं. शेतकरी माणूस, पातं कशासाठी ते त्याला सांगावं लागत नाही. "हीच खरवड. जलमाचं तेवढं घे. मागचं गेलं तर जाऊ दे."

बापूंनी मुदत मागितली. मेण तापवून ठेवावं लागतं म्हणाले. बुवा म्हणाले, येत्या रविवारी येतो.

ते चार दिवस बापूंनी माझा जीव खाल्ला. "वहिनी, तो गळा पुन्हा नाही होणार. आणि आता काय गातील हो ते? नुसती वाफ येते तोंडातून. त्याच्यासाठी हे खरवडू?" मी म्हटलं, "गाणं कुणाचं? त्यांचं. ते मागतायत ना? मग द्या." म्हणायला सोपं होतं. माझी सासूही त्याच मेणात होती, हे मला काय कळत नव्हतं?

रविवारी बुवा आले, धुतलेला पंचा घेऊन. पडवीत बापूंनी पेटीखाली काळं फडकं अंथरलं, नळी बसवली, भोंगा बुवांच्या तोंडाशी आणला आणि चावी दिली. नळी फिरायला लागली. बुवा गायले.

काय सांगू! आवाज नव्हताच. कुडाच्या फटीतून वारा यावा तेवढं काहीतरी. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. पण प्रत्येक शब्द जिथे पडायला हवा तिथे बरोबर पडत होता. जन्माची ओळ आली. पूर्वी तिथे ते सूर असा चढवायचे की देवळातली कबुतरं उडायची. आता वर जायला गळा नव्हता. बुवा थांबले. तोंड मिटलं, आणि नुसता हात हलवायला लागले, समोर पाळणा असल्यासारखा. सावकाश. कितीतरी वेळ. मग शेवटची ओळ त्या कुजबुजीत म्हणून हात जोडले.

बापू ढसाढसा रडत होते. मीही.

"जलमला," बुवा म्हणाले. "सुटली बिचारी."

ऐकायचं नाही म्हणाले, शिळं कोण ऐकतं. मला म्हणाले, "येतो गं बाय." त्यांची गाडी वळणाआड गेली, आणि मी पेटीखालचं फडकं झटकायला उचललं. कोरं. भुग्याचा एक कण नाही.

"बापू, भुगा कुठाय?"

बापू भिंतीला टेकून खाली बसले. सुई टेकवलीच नव्हती. आधीचं खरवडलंही नव्हतं. नुसती नळी फिरवली होती. "नाही झालं हो माझ्याच्याने," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पण वहिनी, आज जे गायले ते... ते त्या नळीतल्याहून..." एकदा घेऊन चोरी केली आणि एकदा न घेऊन, असं काहीसं पुटपुटत होते. माझ्या तोंडावर शब्द आले होते, चांगले तिखट. पण त्यांच्याकडे बघून गिळले.

बुवा श्रावणात गेले. जाताना त्यांच्या जिवाला पाळण्याचा घोर नव्हता, हे त्यांची सून सांगत होती. बापूंनी ते ऐकून घेतलं आणि तसेच उठून गेले. त्यानंतर ते कुलूप एकदाच लावायचे. वळून बघायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, आणि बापू पुण्याला पुतण्याकडे जायला निघाले. नळी जाताना आमच्या कणगीत ठेवून गेले. मी फार जपली, पण त्या पावसात बुरशीने खाल्लीच. ते मी त्यांना कळवलं नाही. आणि ते पुन्हा कधी आले नाहीत. त्यांना मी शेवटचं बघितलं ते जायच्या आदल्या दिवशी, रामनवमीला, देवळात.

त्या दिवशी दारात ज्येष्ठमध वाटायला कुणी नव्हतं. भजनाला नवे बुवा मिळाले नव्हते. माध्यान्ह होत आली तसे बापू पेटी उचलून सगळ्यांच्या देखत आत आले आणि देवाच्या समोर ठेवली. मागे नव्हे, समोर. नळी लावली. बुवा गायला लागले. शिटी झाली, चुटुक झालं. बायका पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. मग खर्र झालं आणि थांबलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण देव जन्मायचा राहिला होता.

बापूंनी सुई उचलली, डोळे मिटले आणि गायला लागले. जन्मात कधी न गायलेला माणूस! सूर कुठलाच धड नाही. पोरं फिसकन हसली. पण मी ओळखलं. पडवीतलंच होतं ते, जसंच्या तसं. तोच शब्द, तेच थांबणं, तीच कुजबूज. जन्माची ओळ आली आणि बापूंनी तोंड मिटलं. हात हलायला लागला.

देवळात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि नेमका तेव्हा मला खोकला आला. दाबला तर आणखी आला. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बापूंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

ते हात हलवत राहिले. माझा खोकला पुरा होईपर्यंत थांबले, आणि मग पुढची ओळ म्हणाले.